ग्लेंडाचं घड्याळाशी भांडण

ग्लेंडा सोअर्बीला कुणी "हे तुला जमायचं नाही" म्हटलं, की तिच्या मानेवर दोन लाल ठिपके उमटायचे. कानाच्या जरा खाली, दोन्ही बाजूंना एकेक. केल्डविक गावात ते ठिपके सगळ्यांच्या ओळखीचे. मासे तळायच्या दुकानात ती काउंटरमागं उभी असायची, हात कोपरापर्यंत पिठात, आणि एखादं नवखं गिऱ्हाईक बोलून जायचं, "आजचा मासा जरा बारकाच दिसतोय." ठिपके आले की रांगेतलं जुनं माणूस त्याला मागून कोपर मारायचं. "घे बाबा गुमान, आणि व्हिनेगर टाक. चांगला मोठा आहे मासा."

अंगानं ती बुटकी आणि रुंद. चालताना बदकासारखी डुलायची. चव्वेचाळीसाव्या वर्षापर्यंत ती सायकलवर बसलीच नव्हती. पोरीच्या सायकलीची उतरलेली चेन शंभरदा बसवली असेल, पण स्वतः बसली नव्हती. मग सकाळची बस बंद झाली, आणि दुकान काही बंद होणार नव्हतं. पोरगी लग्न होऊन लीड्सला गेलेली, तिची जांभळी सायकल शेडमध्ये गंजत पडलेली. ग्लेंडानं तिला तेल पाजलं आणि त्याच सायकलीवरून कामाला जायला लागली.

एके सकाळी समुद्राकडच्या रस्त्यावर मागून एक चकचकीत कपड्यातला गडी आला आणि जाता जाता म्हणाला, "कडेनं चाला बाई, कडेनं. कांदे वाहायचा रस्ता नाही हा." तिच्या हँडलला खरोखरच कांद्यांची पिशवी लटकत होती. मानेवर ठिपके आले. पुढं रेल्वेचं फाटक पडलेलं होतं, तिथं तो उभा राहून पाणी पीत होता. ग्लेंडा पोचली तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता, पण पिशवी मात्र शाबूत होती. ती त्याच्या सायकलीला चाक लावून उभी राहिली आणि श्वास आल्यावर म्हणाली, "कांद्यासकट आले. आता बोल."

तो गडी रेमंड पिक, केल्डविक सायकल क्लबचा सेक्रेटरी. त्यानं फाटक उघडायच्या आत तिच्याकडं वर्गणी मागितली.

तेव्हापासून दर बुधवारी संध्याकाळी ग्लेंडा घड्याळाच्या शर्यतीला जाऊ लागली. घड्याळाच्या शर्यतीत धक्काबुक्की नसते, झुंड नसते. एकेक जण एकेका मिनिटानं सुटतो. ज्याचा जो नंबर त्याचं ते मिनिट. समुद्राच्या दिशेनं पाच मैल जायचं, गोल चौकाला वळसा घालायचा आणि पाच मैल परत यायचं. पुढच्या माणसाच्या पाठीमागं लपून वारा चुकवायचा नाही. पकडलंच त्याला, तर लांबून वळसा घेऊन पुढं जायचं, आणि मान वळवून बघायचंसुद्धा नाही. रेषेवर आलं की आपला नंबर जोरात ओरडायचा, म्हणजे वेळ धरणाऱ्या बाईला कळतं.

वेळ धरणाऱ्या बाई म्हणजे विनीबाई क्रॅबट्री. वय ऐंशी. रस्त्याच्या कडेला घडीची खुर्ची, मांडीवर गोधडी, एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात पेन्सिल. गावातल्या सभागृहाच्या भिंतीवर क्लबच्या विक्रमांची लाकडी फळी आहे, सोनेरी अक्षरांची. पुरुषांच्या रकान्यात नावं खोडून-खोडून लाकूड खड्ड्यात गेलंय. बायकांच्या रकान्यात दहा मैलांपुढं एकच नाव, डब्ल्यू. क्रॅबट्री, पंचवीस मिनिटं अकरा सेकंद. पन्नास वर्षं झाली, त्या अक्षरांवर ब्रश फिरलेला नाही.

ग्लेंडानं ती फळी पहिल्या दिवशी वाचली आणि त्या दिवसापासून तिला दुसरं काही वाचताच येईना.

तेरा वर्षं ती त्या अकरा सेकंदांमागं लागली. जांभळी सायकल गेली, दुसरी आली, मग तिसरी, बसकी, कार्बनची, जिच्यावर कोपरं टेकून पोटावर झोपल्यासारखं बसायचं. तिच्यासाठी नवऱ्यानं, क्लिफर्डनं, आपली मासेमारीची छोटी होडी विकली आणि कुणाला बोलला नाही. एवढं करूनही सगळ्यात चांगल्या दिवशी तिला चाळीस सेकंद जास्त लागायची.

"आगं पोरी," विनीबाई पेन्सिल कानामागं खोचत म्हणायच्या. त्यांची बोली जुन्या वळणाची, आता गावात चार-पाच म्हाताऱ्यांच्या तोंडी उरलेली. "म्या ह्यो रस्ता लोकरीच्या चड्डीत मारला. पावसात भिजली की गुडघ्यापतुर लोंबायची. आन् लोखंडी सायकल. तुझ्यावानी प्लास्टिकचा घोडा न्हवता माझ्याकडं."

"तुम्ही तेव्हा तिशीत होता, विनीबाई. माझे गुडघे घ्या, तुमची चड्डी द्या. आत्ता बदलू."

"चड्डी कसरीनं खाल्ली."

"मग गुडघेही तीच खातेय."

असं दर बुधवारी चालायचं. दोघींना त्याशिवाय चहा गोड लागत नसे.

मग ऑक्टोबरातल्या क्लबच्या सभेत रेमंडनं चष्मा पुसत बातमी सांगितली. समुद्राकडच्या रस्त्यावर नवीन वसाहत होतेय, गोल चौक काढून तिथं दिवे बसणार. पुढच्या ऑगस्टनंतर त्या रस्त्यावर शर्यत घेता यायची नाही. नवा रस्ता शोधावा लागेल, आणि नव्या रस्त्याची फळी नवी.

"आणि ही?" ग्लेंडानं भिंतीकडं बोट केलं.

"ही ऑगस्टात आहे तशी बंद. वर काच लावू."

आहे तशी. ग्लेंडानं हातातला केक बशीत ठेवला. म्हणजे आणखी एक उन्हाळा. त्यानंतर विनीबाईंचं नाव काचेखाली जाणार आणि जगबुडी होईपर्यंत कुणाला त्याला हात लावता येणार नाही. तिलाही नाही.

क्लबात सगळ्यात वेगानं सायकल मारणारा तारिक महमूद. ब्रॅडफर्डचा, शाळेत खेळ शिकवायला केल्डविकला आलेला आणि इथंच रमलेला. त्याच्या गॅरेजात जागच्या जागी सायकल चालवायचं यंत्र होतं. पायडलवर पडणारा जोर वॅटमध्ये मोजायचा काटा होता आणि समोर सोसाट्याचा पंखा. सभेनंतरच्या रविवारी ग्लेंडा क्लिफर्डला घेऊन त्याच्या दारात उभी राहिली.

"मोज," ती म्हणाली.

तारिकनं तिला यंत्रावर चढवलं. छातीला धडधड मोजायचा पट्टा बांधायला दिला. वीस मिनिटं जेवढा दम आहे तेवढा काढायचा, पण शेवटपर्यंत पुरवायचा. ग्लेंडानं पहिल्या पाच मिनिटांतच सगळा काढला आणि उरलेली पंधरा नुसत्या शिव्यांवर रेटली. उतरली तेव्हा खाली घामाचं तळं झालं होतं. तारिकनं पडद्यावर बघितलं. एकशे अठ्ठ्याऐंशी वॅट.

"आंटी, तुम्ही..."

"आंटी म्हणालास तर हा पंप डोक्यात घालीन."

"बरं, ग्लेंडा. तुम्ही आठवड्यातून किती दिवस जोरात जाता?"

"सगळे. हळू जायचं तर बसनं गेले असते. ती बंद आहे."

"आणि गुरुवारी? गुरुवारी कालव्याच्या काठानं तुम्हाला बघतो मी. जीव खाऊन चाललेल्या असता."

"गुरुवारी मोजते. पंपघरापासून दगडी पुलापर्यंत. तेरा वर्षं, एक गुरुवार चुकवला नाही."

"म्हणजे सहा दिवस थकता, आणि सातव्या दिवशी किती थकलात ते मोजता."

ग्लेंडा काही बोलणार एवढ्यात दारात थर्मास धरून उभा असलेला क्लिफर्ड खाकरला. क्लिफर्ड दिवसाला दहा-बारा वाक्यं बोलायचा, त्यातली निम्मी लीकशी. लीक म्हणजे कांद्याच्या कुळातली जाड दांड्याची भाजी. क्लिफर्ड ती मनगटाएवढी वाढवून गावच्या प्रदर्शनात मांडायचा आणि बक्षीस आणायचा.

"लीक किती वाढला ते रोज उपटून बघितलं," क्लिफर्ड म्हणाला, "तर वाढेल कसा?"

ग्लेंडानं छातीचा पट्टा ओढून काढला.

"तू पण त्याच्या बाजूनं?" ग्लेंडा म्हणाली.

"मी लीकच्या बाजूनं," क्लिफर्ड म्हणाला आणि त्यानं चहा ओतला.

तारिकनं समजावलं. आठवड्यातले दोनच दिवस जोर. बाकीचे दिवस इतकं हळू जायचं की शेजारी कुणी असेल तर त्याला अख्ख्या गावाची भानगड एका दमात सांगता यावी. मोजायचं दीड-दोन महिन्यांतून एकदा. गुरुवारचा कालवा बंद. मग तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "अर्थात या वयात आकडा दरवर्षी थोडा उतरणारच. आहे तेवढा टिकवला तरी पुष्कळ."

ठिपके आले.

"टिकवायला मी काय दुकानातल्या व्हिनेगरच्या बरणीतलं अंडं आहे?" ग्लेंडा म्हणाली. "करते तुझं हळू. बघच."

पण हळू जाणं हे तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम निघालं. छातीची धडधड ठरवून दिलेला आकडा ओलांडायची आणि तारिकनं हँडलवर बसवून दिलेलं यंत्र टिटवीसारखं ओरडायला लागायचं. चढ आला की टिटवी. राग आला की टिटवी. पहिल्याच आठवड्यात, कालव्याच्या काठानं ती अशी रांगत चाललेली असताना मागून घंटी वाजली आणि चर्चचा पाद्री तिच्या पुढं गेला. सत्तरीचा माणूस, पुढच्या टोपलीत फ्लॉवरचे दोन गड्डे.

"काय सुंदर सकाळ आहे, ग्लेंडा!" पाद्री म्हणाला आणि निघून गेला.

ग्लेंडाचे हात हँडलवर पांढरे पडले. टिटवी ओरडली. तिनं दात खाल्ले, पायडल सैल सोडलं आणि पाद्री वळणापलीकडं दिसेनासा होईपर्यंत त्याच्या टोपीकडं बघत राहिली. तेरा वर्षांत तिनं केलेली सगळ्यात कष्टाची पंधरा मिनिटं ती. वाऱ्याविरुद्ध जायला तिला कधी एवढं बळ लागलं नव्हतं.

शुक्रवारी दुकानात गर्दी. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "काय गं, पाद्रीबाबानं मागं टाकलं म्हणे तुला?"

"त्याला देव ढकलतो," ग्लेंडा कढईतून मासा काढत म्हणाली. "मला कोण ढकलणार, तू? मीठ घालू का?"

"आणि पोस्टमननंपण?"

"त्याच्या सायकलीत बॅटरी आहे. तुझ्या डोक्यात असती तर बरं झालं असतं. मीठ?"

हिवाळा असाच गेला. लोक पुढं जात राहिले, ग्लेंडा मागं राहत राहिली. डिसेंबरात तारिकनं मोजलं तेव्हा आकडा होता तिथंच होता. ग्लेंडानं गॅरेजच्या दाराला लाथ मारली, बुटाचा पुढचा भाग फुटला. "झालं तुझं हळू? आता माझं मला करू दे." तारिक म्हणाला, फेब्रुवारीपर्यंत थांबा. फेब्रुवारीच्या मोजणीला तिनं वीस मिनिटं एका संथ लयीत मारली, शेवटच्या मिनिटाला जे उरलं होतं ते ओतलं, आणि पडद्यावर दोनशे तीन दिसले. तारिकनं पट्टा तपासला, काटा तपासला, सायकल उतरवून पुन्हा चढवली.

"यंत्र बिघडलंय का?" क्लिफर्डनं विचारलं.

"नाही," तारिक म्हणाला. त्याला हसू आवरेना. "मी चुकलो. टिकवायचं नाही तुम्हाला."

मेमध्ये शर्यती सुरू झाल्या आणि चाळीस सेकंदांचा गठ्ठा सुटायला लागला. आधी पंचवीस उरली, मग अठरा, जुलैच्या एका उकाड्याच्या संध्याकाळी नऊ. दर वेळी विनीबाई आकडा सांगताना पेन्सिलीचं टोक जिभेला लावायच्या. त्यांची थट्टा कमी झाली होती, हे ग्लेंडाच्या लक्षात आलं. घाबरल्या की काय? की आदर? विनीबाईंच्या तोंडावरून काही कळायचं नाही. आता फक्त एकच बुधवार राहिला.

त्या संध्याकाळी समुद्रावरचा वारा पडला. झेंडे काठीला चिकटले. रस्ता कोरडा, हवा मऊ, आणि सगळे एकमेकांना सांगत होते, "आज रस्ता पळतोय." शेवटची शर्यत म्हणून जुने-जुने लोक आले होते. सभागृहाच्या अंगणात गाड्या मावत नव्हत्या. ग्लेंडाचा नंबर वीस होता, म्हणजे सातनंतरचं विसावं मिनिट.

अंग तापवून ती गाडीशी आली. क्लिफर्डनं तिच्या पाठीवर नंबर टाचला. हा त्याचा मान. तेरा वर्षं दुसऱ्या कुणाचा हात त्या पाठीला लागला नव्हता. चार कोपऱ्यांना चार पिना, कापड ताणून, कागद कातडीसारखा बसला पाहिजे. सैल राहिला तर वाऱ्यात फडफडतो आणि फडफडला की वेळ खातो. किती खातो यावर क्लबातल्या माणसांनी आख्खे हिवाळे वाद घातले आहेत.

"डावा खालचा कोपरा फडफडतोय," ग्लेंडा म्हणाली.

"नाही गं."

"मला जाणवतंय. काढ, पुन्हा लाव."

"ग्लेंडा, वेळ..."

"लाव म्हणते ना!"

क्लिफर्डची बोटं लीकच्या मातीत वाढलेली, जाड. पिन वाकली. दुसरी काढताना डबी उलटली, पिना गवतात. तो गुडघ्यावर बसून चाचपू लागला. सुरुवातीची रेषा अंगणापासून थोडी लांब, झाडीच्या वळणापलीकडं. तिसरी पिन बसली तेव्हा तिथून विनीबाईंचा आवाज आला, चिरका, खणखणीत. आकडे मोजत होत्या.

ग्लेंडा उडी मारून सायकलीवर बसली.

वळणावरून तिला सगळं दिसलं. सुटणाऱ्याची सायकल मागून धरायला रेमंड रेषेवर वाकून उभा होता, पण धरायला सायकल नाही, हात रिकामे. आणि विनीबाई समोरच्या रिकाम्या रस्त्याला सांगत होत्या, "तीन, दोन, एक, जा!" कुणीच गेलं नाही. एकोणीस नंबरवाला केव्हाच लांब ठिपका झालेला. घड्याळ मात्र निघालं होतं. घड्याळाच्या शर्यतीत तुम्ही या की नका येऊ, तुमचं मिनिट तुमच्यासाठी थांबत नाही.

ग्लेंडा रेषा ओलांडून गेली तेव्हा विनीबाई ओरडल्या, "सात गेली! आता पळ!"

सात सेकंद. वर्षभर पाद्र्यामागं रांगून मिळवलेली, एका कागदाच्या कोपऱ्यावर उधळली. पहिल्या अर्ध्या मैलात तिला सगळं काही लाल दिसत होतं. पाय म्हणत होते, आत्ता, आत्ताच्या आत्ता ती सात वसूल कर. जुनी ग्लेंडा असती तर केलीही असती आणि चौकाच्या अलीकडं फुटली असती. हँडलवर जोराचा आकडा चढत होता, फार वर. तिनं तो पाहिला. पाद्र्याची टोपी डोळ्यांसमोर आली. "नाही," ती मोठ्यानं म्हणाली, रस्त्याला, पायांना, कुणाला कोण जाणे. "हप्त्यानं घेईन. दहा मैल आहेत." आणि तिनं पाय एक बोटभर सैल केले.

मग लय सापडली. हनुवटी हातांवर, नाकासमोर पांढरी रेघ, कानांत फक्त टायरची सूं. एका बाजूला कापलेल्या गव्हाची खुंटं, दुसऱ्या बाजूला नव्या वसाहतीसाठी आणून टाकलेले सिमेंटचे पाइप. गोल चौकाला ती इतकी आतून वळली की गुडघा गवताला लागला. चौकात उभा असलेला स्वयंसेवक ओरडला, "ग्लेंडा, एकोणीस तुझ्या समोर!" तो दिसला. वाढत गेला. नवीन पोरगा, महागडी चाकं. ती लांबून वळसा घेऊन त्याच्या पुढं गेली. मान वळवली नाही. पाठीवरचा नंबर मेल्यासारखा निपचित होता, एक कोपरा हलत नव्हता.

शेवटच्या मैलाला पाय पायांसारखे राहिले नाहीत. तोंडात लोखंडाची चव आली. झाडीचं वळण, लोकांच्या टोप्या, खुर्चीवरची गोधडी. उरलेलं सगळं तिनं ओतलं आणि रेषेवर नंबर ओरडली. "वीस!" आवाज असा निघाला की कुणीतरी दचकून चहा सांडला.

ती लांब जाऊन थांबली आणि हँडलवर डोकं टेकून राहिली. वळून अंगणात आली तेव्हा क्लिफर्ड गाडीच्या मागच्या दारात बसला होता. हातात एक पिन. ती उघडत होता, मिटत होता.

"माझ्यामुळं झालं," तो म्हणाला.

"काय तुझ्यामुळं? मी म्हणाले लाव, तू लावलंस."

"मी जा म्हणायला पाहिजे होतं."

"मग मी तुझं ऐकलं असतं?"

क्लिफर्डनं विचार केला. "नाही."

"झालं तर मग. ऊठ, चहा थंड होतोय."

सभागृहात फळा लावला होता. विनीबाई स्वतः खडूनं वेळा लिहीत होत्या, वाकडी-तिकडी पण वाचता येतील अशी अक्षरं. वीस नंबरपुढं त्यांनी लिहिलं, पंचवीस मिनिटं चौदा सेकंद.

सगळ्या खोलीनं एक सुस्कारा टाकला. तीन सेकंद.

तारिक पुढं आला, हातात ग्लेंडाच्या हँडलवरचं यंत्र. "हे बघा. रेषा ओलांडल्यापासून रेषेपर्यंत पंचवीस सात. ती तुमच्यापेक्षा वेगानं गेली, विनीबाई. सगळ्यांनी बघितलंय."

"बघितलं की. म्याबी बघितलं," विनीबाई म्हणाल्या. "आन् ती उशिरा आली हेबी बघितलं."

"सात सेकंदांसाठी? पन्नास वर्षांत हा रस्ता हिच्याएवढ्या वेगानं एकाही बाईनं मारलेला नाही. उद्यापासून तिथं खणायला सुरुवात होणार!"

"माझं घड्याळ खणायला न्हाई येत कुनी."

"निदान बाजूला लिहा तरी," रेमंड म्हणाला. तोही तांबडा झाला होता. "कंसात. 'सात सेकंद उशिरा सुटली' असं. लोकांना कळेल."

त्यानं खडू उचलला आणि चौदाच्या बाजूला बारीक अक्षरात लिहायला लागला. ग्लेंडाच्या मानेवर ठिपके उगवले. इतके लाल की मागं उभ्या असलेल्या दोघांनी आपण होऊन वाट दिली. ती फळ्यापाशी गेली, अंगठा जिभेला लावला आणि रेमंडचं अक्षर पुसून टाकलं. सगळं. पांढरा राडा उरला.

"मला कंस नको," ती म्हणाली. "रस्ता उशिरा आला नव्हता. घड्याळ उशिरा आलं नव्हतं. मी आले. तारिक, ते यंत्र खिशात घाल. आणि दया करायची कुणाला फार हौस असेल, तर त्यानं दुकानावर येऊन रांगेत उभं राहावं. तिथं तळणीचा उरलेला चुरा फुकट मिळतो."

विनीबाई खुर्चीवर बसल्या. गोधडी नव्हती, तरी त्यांचे हात मांडीवर गोधडी सारखी करत होते.

"पोरी," त्या म्हणाल्या, "तू ती सात मागितली असतीस तर म्या दिली नसती."

"ठाऊक आहे."

"पर तू मागितली न्हाईस. ते फळीवर लिवायला पायजे व्हतं. पर फळीवर तसला रकाना नसतो."

"रकाना नकोच," ग्लेंडा म्हणाली. "नवा रस्ता सांगा. रेमंड, कुठला धरलाय?"

रेमंड गडबडला. "अजून ठरलं नाही. बहुतेक टेकडीकडचा. चढ आहे मधे, आणि वारा कायम समोरून. खरं सांगायचं तर कुणालाच पसंत नाही."

"टेकडीचाच घ्या. पहिला नंबर माझा."

"मेमध्येसुद्धा तिथं थंडी..."

"पहिला नंबर माझा, म्हणाले ना."

विनीबाई खोकल्यागत हसल्या. "लबाड हायेस. नव्या फळीवर पयली जी बाई जाईल तिचाच विक्रम. भोपळ्यावर बसून गेलीस तरी तुजंच नाव."

"पहिल्या दिवसाचं नाही बोलत मी," ग्लेंडा म्हणाली. ती खुर्चीसमोर उभी होती, दोन्ही मुठी कमरेवर. "दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या वर्षाचं बोलतेय. त्या टेकडीवर असा आकडा ठोकीन, विनीबाई, की आज जन्माला न आलेली एखादी पोरगी पन्नास वर्षं त्यावर डोकं आपटत बसेल. येईल माझ्याकडं दर बुधवारी, दात-ओठ खात. तेव्हा तुम्ही नसाल. घड्याळ माझ्या हातात असेल. आणि ती एक सेकंद उशिरा आली ना, तर मीपण तिला तो एक सेकंद सोडणार नाही."

"सोडू नगंस," विनीबाई म्हणाल्या. त्यांनी खिशातून घड्याळ काढलं, किल्ली दिली आणि परत खिशात टाकलं. "पर आजून मी हाय. मे म्हयन्यात येळेवर ये."